आज चटईवर कोण?

पाठ टाचणाच्या वहीत वरच्या बाजूला ‘इयत्ता’ असा एक रकाना असतो. डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात आम्ही छात्राध्यापक तो इतक्यांदा भरतो की हात आपोआप चालतो. इयत्ता चौथी, विषय मराठी, घटक, उपघटक. त्याखाली उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, अध्यापन अनुभव, मूल्यमापन. रकाने नीट भरले की टाचण मंजूर होतं. चौथीच्या वर्गात सगळी मुलं चौथीचंच वाचणारी असतात, हे त्या वहीने गृहीत धरलेलं असतं. वरळीच्या बीडीडी चाळींलगतच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत छात्रसेवाकालासाठी मला पाठवलं, तेव्हा रकान्यातलं ते ‘चौथी’ माझ्यासमोरच्या फार थोड्या मुलांना लागू होतं.

काहीजण गोष्ट घडाघडा वाचत. काहीजण शब्द वाचत, पण जोडाक्षर आलं की अडखळत. काहींची अक्षरं पक्की होती, पण काना-वेलांटी लागली की गडबड. आणि मागच्या बाकांवरची दोघं-तिघं सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून पाठ म्हणत. पुस्तक उघडं, बोट ओळीवर, डोळे मात्र शेजाऱ्याच्या ओठांवर. सामूहिक वाचनात ही मुलं कधीच सापडत नाहीत. त्यांचा आवाज तर कित्येकदा सगळ्यांत मोठा असतो. चौथीपर्यंत येताना त्यांनी ऐकून पाठ करण्याची जी ताकद कमावलेली असते, ती थक्क करणारी असते. बुद्धीची कमतरता हे कारण तिथेच निकालात निघतं.

ही मुलं राहतात ती वस्ती कशी आहे, हे वाचनाच्या संदर्भात सांगायलाच हवं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० नंतरच्या काही वर्षांत, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी उभारल्या आणि खात्याची आद्याक्षरं त्यांना कायमची चिकटली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली एकशेसाठ चौरस फुटांची. तेवढ्यात स्वयंपाक, मोरी, टीव्ही, आजीची खाट आणि दोन-तीन भावंडं. त्यामुळे मूल दप्तर घेऊन मधल्या बोळात येतं किंवा जिन्याच्या पायरीवर बसतं. आजूबाजूला सतत बोलणं चालू असतं. चाळीतल्या मुलाच्या कानावर दिवसभर इतकी भाषा पडते, इतक्या भांडणांची, लग्नांची, गावच्या जमिनींची हकिगत पडते, की बोलायला लावलं तर ते तुमची बोलती बंद करतं. कोकणातली घरं आहेत, घाटावरची आहेत, गिरणीच्या काळात आलेली तेलुगू कुटुंबं आसपास आहेत, आणि आता हिंदी बोलणारीही बरीच. भाषा भरपूर आहे. कमी पडतो तो शांतपणे शेजारी बसून ‘वाच बघू’ म्हणणारा मोठा माणूस. आईवडील दोघंही कामावर असतात. हे काम शाळेनेच करायचं आहे, आणि एका बाईंनी वर्गभर मुलांसाठी ते कसं करायचं, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या अध्यापक विद्यालयात भाषेच्या मॅडमनी आम्हाला स्तरनिहाय वाचन-अध्यापनाचं प्रशिक्षण दिलं, ते नेमकं या प्रश्नाला धरून. पहिल्या टप्प्यात शिकवायचं काहीच नव्हतं, ऐकायचं होतं. एका मुलाला जवळ बसवायचं, छोटा परिच्छेद द्यायचा, आणि ते जे वाचेल ते जसंच्या तसं टिपायचं. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून ‘असर’ची पाहणी होते, तिची वाचन चाचणी आम्हाला आधार म्हणून दिली होती. ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहताना शंकाच येते. एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. तो जमला तर गोष्ट. नाही जमला तर शब्द, मग अक्षरं. काही मिनिटांत मूल कुठल्या पायरीवर उभं आहे ते कळतं.

‘प्रथम’चा जन्म मुंबईतलाच, १९९०च्या दशकातला. मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये त्यांनी ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला होता. मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी दिवसातून दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि वाचन-गणिताचा पाया पक्का करून घेई. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि बडोद्यात त्याचा काटेकोर अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्या अभ्यासकांपैकी दोघं. त्यांना पुढे २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मॅडमनी तो अभ्यास आम्हाला समजावून सांगितला, तेव्हा त्यातल्या एका निष्कर्षावर मी बराच वेळ अडले होते. बालसखीकडे जाणाऱ्या मुलांची प्रगती झाली. ती मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातली संख्या कमी झाली होती, तरीही वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या कमी करून भागत नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवलं, तर फरक पडतो. आम्हा छात्राध्यापकांच्या बोलण्यात ‘वर्ग मोठा आहे हो’ हे वाक्य फार येतं. वर्ग मोठा असतो हे खरंच आहे, पण या अभ्यासानंतर त्या वाक्यावर विसंबून राहणं मला जमेना.

पुढचं शिकणं वर्गात झालं. एका मुलीचं वाचन मी टिपलेलं अजून माझ्याकडे आहे. परिच्छेद मीच लिहिलेला होता, पाच-सहा ओळींचा, धरणावर सहलीला गेलेल्या भावाबहिणीचा. तिने ‘धरण’ हे ‘घरण’ असं वाचलं, स्वतःच थांबली, पुढचा शब्द ‘पाणी’ पाहिला आणि मागे जाऊन ‘धरण’ असं दुरुस्त केलं. ‘सूर्य’ला ‘सूर’ म्हणाली. ‘प्रकाश’ला ‘पकाश’. ‘भाऊ’, ‘बहीण’, ‘डबा’, ‘चिवडा’ हे सगळं बिनचूक. वर्गाच्या यादीत तिच्या नावापुढे ‘वाचन कच्चे’ असा शेरा होता, आणि त्या शेऱ्यामुळे ती बाराखडी गिरवणाऱ्यांबरोबर बसत असे. वास्तविक तिला बाराखडीची गरजच नव्हती. तिचा अर्थाचा शोध चालू होता, म्हणून तर ‘घरण’ तिला पटलं नाही. तिला हवा होता फक्त ‘र’ची वेगवेगळी रूपं दाखवणारा कोणीतरी : डोक्यावर चढलेला रफार, पायाशी आलेला रकार.

तिच्याच बाकावरच्या मुलाचं उलट. तोही ‘वाचन कच्चे’. तो चित्र पाहून वाचत असे. चित्रात बैल दिसला की मजकुरात काहीही असो, तो ‘बैल’ म्हणणार. शब्दातलं पहिलं अक्षर पाहायचं आणि उरलेला शब्द मनाने घालायचा, अशी त्याची रीत. शेरा एकच, मुलं दोन, आणि दोघांसाठी मला पूर्णपणे वेगळी तयारी करायची होती. माझ्या प्रशिक्षणातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण कोणता असं विचारलं, तर मी हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले तो सांगेन. तोवर चूक म्हणजे लाल पेनाने गोल करण्याची जागा होती. मूल कसा विचार करतंय हे चुकीतूनच वाचता येतं, हे तिथे मला दिसलं.

मग गट केले. वर्गाच्या कोपऱ्यात एक चटई टाकली. वर्गाच्या बाईंनी त्यासाठी दोन बाक मागे सरकवायची परवानगी दिली. चटईवर एका वेळी पाच-सहा मुलं आणि मी. हा गट पंधरा-वीस मिनिटं माझ्याशी वाचणार, बाकीचा वर्ग आपापलं काम करणार. पुस्तकात हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात सगळी मेहनत चटईबाहेरच्या मुलांसाठी करावी लागते. त्यांना दिलेलं काम फार सोपं झालं तर पाच मिनिटांत गोंधळ. अवघड झालं तर दर मिनिटाला ‘बाई, हे कसं करायचं?’ काम असं हवं की आधीच्या दिवशी चटईवर जे केलं, तेच मूल एकट्याने किंवा जोडीने करू शकेल. वाचलेल्या गोष्टीच्या वाक्यपट्ट्या क्रमाने लावणं. जोडीदाराला वाचून दाखवणं. गोष्टीतल्या एका पात्राला दोन ओळींचं पत्र लिहिणं. घडाघडा वाचणाऱ्यांना मी पुस्तकपेटी मोकळी करून दिली, आणि वाचून झाल्यावर वर्गाला काय सांगणार, एवढंच विचारत गेले. या मुलांना बऱ्याच वर्गांत ‘दुसऱ्यांना मदत करा’ म्हणून गुंतवून ठेवतात. मला ते पटत नाही. पुढे गेलेल्या मुलालाही त्याच्या वाट्याचं शिकणं मिळायला हवं. तेही शाळेत शिकायलाच आलेलं असतं.

अक्षरं आणि मात्रांवर अडलेल्या मुलांसाठी मला फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांच्या कामाचा फार उपयोग झाला. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीतल्या विविधतेवर डॉक्टरेट केली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. वर्णमाला ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत संपवून मग मात्रा, मग शब्द, असा त्यांचा क्रम नाही. मोजकी अक्षरं आणि एक-दोन मात्रा एकत्र घ्यायच्या आणि लगेच शब्द, लगेच वाक्य. मी ‘क, म, ल, र’ आणि काना एवढ्यावर सुरुवात केली. काम, माल, मामा, कमाल, कमला, लाल, मार, काल. पहिल्याच आठवड्यात मुलांनी ‘मामाला मार’ असं वाक्य तयार केलं आणि चटईवर हसून हसून लोळली. पहिलीपासून ‘वाचता येत नाही’ हे ऐकत आलेल्या मुलाने स्वतः जुळवलेलं वाक्य वाचून हसणं मी पाहिलं, आणि वाचनाचा आनंद शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवण्याची आपली पद्धत किती क्रूर आहे, हे माझ्या मनात पक्कं झालं.

रफाराचा गट मात्र हटत नव्हता. सूर्य, वर्ग, पर्वत. फळ्यावर लिहिलं, कार्डं केली, तरी वाचताना ‘र’ गळायचा किंवा भलत्याच ठिकाणी यायचा. एके दिवशी शाळेतून जांबोरी मैदानाच्या बाजूने जाताना रस्त्यावरच्या फलकांकडे लक्ष गेलं. म्हाडाच्या बीडीडी प्रकल्पामुळे त्या भागात एक शब्द जिकडेतिकडे आहे : पुनर्विकास. दुसऱ्या दिवशी मी तो एकटाच शब्द पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून नेला. ‘सूर्य’ला ‘सूर’ म्हणणाऱ्या मुलीसकट सगळ्यांनी तो एका दमात वाचला. दारात येणाऱ्या पत्रकांवर, घरातल्या बोलण्यात, सभांच्या बॅनरवर तो त्यांनी शेकडो वेळा पाहिला-ऐकला होता. अर्थात, ते आकारावरून ओळखणं होतं; अक्षरं फोडून वाचणं नव्हतं. पण तिथून पुढे जाता आलं. शब्द कात्रीने कापला : पु, न, र्वि, का, स. ‘र’ कुठे ऐकू येतो? ‘वि’च्या आधी. मग लिहिलाय कुठे? ‘वि’च्या डोक्यावर. आता ‘र्वि’मधली वेलांटी काढा, ‘र्व’ राहतो. पर्व. पर्वत. सर्व. मग त्यांनी आपणहून बाहेरचे शब्द आणायला सुरुवात केली. मंडळाच्या पाटीवरचं ‘सार्वजनिक’, रस्त्याच्या पाटीवरचं ‘मार्ग’, दवाखान्याच्या दारावरचं ‘सूचना फलक’ (यात रफार नाही, यावरून दोघांची जुंपली, आणि शब्द तपासून पाहण्याची ती उत्तम संधी ठरली). वर्गाच्या भिंतीवर शब्दांची एक रांग तयार झाली, सगळी वरळीच्या रस्त्यांवरून आलेली.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी हे फार पूर्वी केलं होतं. मुलाच्या मनात जो शब्द तीव्रतेने असतो तोच त्याला आधी वाचायला द्यायचा. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३चं. ते मी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वाचलं होतं, पण बीडीडीतल्या मुलांच्या मनात आत्ता काय तीव्र आहे, हे मला त्या मैदानाच्या कडेला उमगलं. घर बदलणार आहे, हे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या; एकशेसाठच्या जागी पाचशे चौरस फूट. बाकीच्यांतले काही संक्रमण शिबिरात, काही भाड्याने दुसरीकडे, काही अजून जुन्या खोलीत. मुलांना बोलतं केलं की याच गोष्टी येत. मग त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत मी लिहून घेऊ लागले आणि तोच पुढच्या दिवसाचा पाठ होऊ लागला. ‘आमच्या नवीन बिल्डिंगला लिफ्ट हाय. आजी लिफ्टमदी बसत नाय.’ हे ‘हाय’ आणि ‘नाय’ मी तसेच ठेवले. स्वतःच्या तोंडचं वाक्य कागदावर पाहिलं की मूल ते वाचतंच, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं. पुस्तकातलं ‘आहे’ आणि ‘नाही’ मुलांना कळत होतंच, आणि सरावाने ती दोन्ही लिहू लागली. एखादं मूल बोलतं ते चुकीचं, असं सांगून त्याच्याकडून वाचनाची अपेक्षा करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

घडाघडा वाचणाऱ्यांविषयीही एक सांगायचंय. ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचता यावेत, असं उद्दिष्ट आहे. यातला ‘साठ’ मोजायला घड्याळ पुरतं, म्हणून तो मोजला जातो. ‘समजून’ मोजायला बसावं लागतं. माझ्या वर्गातला सगळ्यांत वेगाने वाचणारा मुलगा गोष्ट संपल्यावर ‘म्हातारी रागावली का?’ या प्रश्नाला त्याच गोष्टीतलं एक वाक्य पुन्हा वाचून दाखवायचा. चाचणीत तो सर्वांत वरच्या पायरीवर होता. त्याला मी अंदाज बांधणाऱ्या, चित्र पाहून वाचणाऱ्या मुलाबरोबर चटईवर बसवलं. गोष्ट मी मोठ्याने वाचायची, मधेच थांबायचं आणि पुढे काय होईल ते विचारायचं. इथे तो चित्रवाला मुलगा एकदम पुढे. त्याच्याकडे कारणं असत, शंका असत, पात्रांची बाजू घेऊन तो भांडे. वेगवान मुलगा आधी गप्प बसायचा, मग ‘नाही, ती खोटं बोलतेय’ असं म्हणायला लागला. अक्षरं वाचता येईपर्यंत गोष्टीचा विचार लांबणीवर टाकायचा नसतो, आणि अक्षरं वाचता आली म्हणजे विचार आपोआप येतो असंही नाही. म्हणून पूर्ण वर्गाला रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवण्याचा तास मी सोडला नाही. तिथे गट नसत.

गटांची सगळ्यांत मोठी भीती हीच, की ते मुलांच्या कपाळावर चिकटतात. गटांना गुलाब-कमळ अशी नावं द्या नाहीतर वाघ-सिंह. कोणता गट ‘ढ’ मुलांचा, हे वर्गाला दुसऱ्या दिवशी कळतं. त्यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला, तो म्हणजे गट सतत मोडणं. आज रफारासाठी बसलेले पाच, उद्या त्यांतले दोन संवादवाचनाला, एकजण पत्र लिहिणाऱ्यांत. प्रत्येक गटाला नाव न देता काम दिलं. मग मुलं सकाळी आल्या आल्या विचारू लागली, ‘बाई, आज चटईवर कोण?’ आणि ज्याचं नाव येई तो मिरवत जाई. वेगाने वाचणाऱ्यांनाही चटईवर यावं लागे, त्यामुळे चटई ही मागे पडलेल्यांची जागा आहे असं कुणी म्हणू शकलं नाही. यासाठी रोज संध्याकाळी नोंदी चाळाव्या लागत. टाचणाच्या ठरावीक रकान्यांत हे मावेना, म्हणून मी मॅडमना विचारून अध्यापन अनुभवाच्या रकान्याला उभ्या तीन रेघा मारून घेतल्या. निरीक्षणाला आल्यावर त्यांनी फळ्याकडे पाहिलंच नाही. चटईमागे बसून त्या एका मुलाचं वाचन स्वतः टिपत राहिल्या, आणि पाठानंतर आम्ही दोघींनी आपापले कागद ताडून पाहिले. त्यांना ऐकू आलेली एक गोष्ट मला आली नव्हती, मला आलेली एक त्यांना नव्हती. पाठाच्या गुणांपेक्षा त्या अर्ध्या तासाने मला शिक्षक केलं असं मला वाटतं. प्रत्येक छात्राध्यापकाला असं शेजारी बसणारं कुणीतरी मिळायला हवं.

छात्रसेवाकाल संपत आला तेव्हा तो चित्रवाला मुलगा शाळा सोडून चालला होता. घर रिकामं करून कुटुंब मुंबईबाहेर भाड्याच्या घरात जाणार होतं. दाखल्यावर त्याचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रगती हे सगळं लिहिलेलं असणार होतं. मी वर्गाच्या बाईंच्या संमतीने दाखल्यासोबत एक कागद जोडला, पुढच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी. त्यावर लिहिलं : ‘अक्षरं येतात. काना, दोन्ही वेलांट्या येतात. उकार अजून चुकतो. शब्दाचं पहिलं अक्षर पाहून पुढचं मनाने वाचतो. अशा वेळी शब्दावर बोट ठेवून नुसतं ‘पुन्हा बघ’ म्हणावं, तो स्वतः दुरुस्त करतो. चित्र नसलेला मजकूर आधी थोडा थोडा द्यावा. गोष्ट ऐकायला दिली की तो वर्गातल्या कुणाहीपेक्षा नेमके प्रश्न विचारतो, त्यामुळे त्याला मागच्या बाकावर बसवू नये. दहीहंडीवर त्याने स्वतः सांगितलेला मजकूर सोबत आहे. सुरुवात त्या मजकुरानेच करावी.’